जांभळ्या गोंड्याची खाट

५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठीक आहेत. तुमच्या भावाचा गुडघा कुरकुरतो, पण तो लग्नातही कुरकुरत होता. फोन न करता पत्र का लिहिते, तर फोनवर आपण भांडतो आणि मग तुम्ही फोन ठेवून देता. पत्र ठेवून दिलं तरी टेबलावर पडून तुमच्याकडे बघत राहतं.

काम तुमच्या पालिकेचंच आहे. गेल्या महिन्यात तुमच्या कचेरीने विचारलं होतं की बालगृहात दुधाचा वापर का वाढला, कारणे द्या. मी लिहिलं, "मुले वाढत आहेत." त्यावर उत्तर आलं नाही, म्हणजे पटलं असावं. आता नवीन प्रश्न आलाय. बालगृहातल्या दोन खाटा वापराविना पडून आहेत, त्या काढून का घेऊ नयेत? वन्सं, त्या पडून नाहीत हो. त्या घालून ठेवल्यात. ज्या पोराला घरी ठेवणं धोक्याचं असतं ते आधी कळवून येत नाही. त्याला कोणीतरी दाराशी आणून सोडतं, आणि त्या वेळी मी त्याला "थांब हं, खाट मंजूर होऊ दे" असं सांगू का?

इथे आलेलं मूल पहिल्या दिवशी काही बोलत नाही. मी त्याला लोकरीचे गुंडे दाखवते आणि रंग निवडायला सांगते. त्या रंगाचा गोंडा करून आम्ही खाटेच्या पायाला घट्ट बांधतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आपली खाट सापडते, आणि एकदा बांधला की गोंडा सोडायचा नाही असा नियम आहे. हा नियम मात्र पालिकेचा नाही, माझा आहे.

आता मुद्दा. आमची वकिलीणबाई तुम्हाला आठवते का? मागच्या वर्षी तुम्ही पाहणीला आलात तेव्हा जिने विचारलं होतं, "तुम्ही मोठ्या आहात की नुसत्या जाड?" ती. आठ वर्षांची आहे. आई गेली, बापाचा पत्ता नाही, काकाकाकू कामाला जाताना दिवसभर खोलीत कोंडून ठेवायचे म्हणून इथे आली. आता काकाने बालविभागाला लिहून दिलंय की असं पुन्हा होणार नाही, आणि विभागाने तिला परत पाठवून बघायचं ठरवलंय. बघायचं! चपला घालून बघतात तसं. पुढच्या आठवड्यात ती जाईल. मी तिला शब्द दिलाय की तुझी जांभळ्या गोंड्याची खाट इथेच राहील. ती म्हणाली, "लिहून द्या." मी म्हटलं, "अगं, माझ्यावर विश्वास नाही का?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मला पदर सारखा करावा लागला.

वित्त समितीच्या अध्यक्षा तुम्ही आहात. दोन खाटांकडे जरा कानाडोळा करा, एवढंच मागते.

तुमची,
भावजय


१२ फेब्रुवारी

प्रिय भावजयबाई,

तुझं पत्र गाडीत वाचलं, म्हणजे अर्धं वाचलं. तू लिहितेस फार. दूध, लोकर, माझं वजन, सगळं येतं आणि मुद्दा शेवटच्या पानावर. यापुढे मुद्दा आधी लिहीत जा.

कानाडोळा करा म्हणे! अगं, माझ्या कानाला आणि डोळ्याला दोन्हीकडून माणसं लावलीत. अंदाजपत्रक तोंडावर आलंय. पाण्याची मुख्य नळवाहिनी फुटलीय, कचऱ्याच्या निम्म्या गाड्या ढकलल्याशिवाय चालू होत नाहीत, आणि समितीचे सदस्य काल दुपारभर बागेतल्या बाकांच्या रंगावर बोलले. एकाला हिरवा हवा, दुसऱ्याला हिरवा चालत नाही कारण पहिल्याला हवा. मी पेन आपटलं तर ते टिपणात लिहिलं गेलं: "अध्यक्षांनी पेन आपटले."

त्यात लेखाधिकारी. हा माणूस वाईट नाही, पण त्याला रिकामी वस्तू बघवत नाही. त्याचा नियम सरळ आहे. जे महिनाभर वापरात नाही ते काढून दुसरीकडे द्यायचं. तुझ्या खाटा त्याच्या यादीत आहेत. आता मी फक्त तुझ्याच खाटा वगळल्या तर काय म्हणतील? अध्यक्षबाईंनी भावजयीची सोय केली. विरोधातले तर टपूनच बसलेत.

आणि खरं सांगू, मला स्वतःलाही ते पटत नाही. आमच्या लहानपणी आईने माजघरात एक अंथरूण कायम घालून ठेवलेलं असायचं. पाहुण्यांसाठी. स्वच्छ चादर, चांगली उशी. आणि आम्ही तिघी बहिणी एका सतरंजीवर, एकीने कूस बदलली की तिघींनी बदलायची. पाहुणे वर्षातून किती वेळा यायचे? मी विचारलं की आई म्हणायची, "असू दे घातलेलं." वाया घालवणं म्हणजे काय ते मी त्या अंथरुणाकडे बघून शिकले. वित्त समितीवर मी उगाच नाही आले.

तुझी पोरगी काकाकडे सुखाने राहील. प्रत्येक वेळी वाईटच का धरून चालतेस?

गुडघ्याला तेल लाव म्हणावं त्याला.

तुझी,
वन्सं


२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

मुद्दा आधी लिहिते: खाटा काढू नका.

आता बाकीचं. वकिलीणबाई सोमवारी गेली. काका न्यायला आला होता. नवा शर्ट, तोंडभर हसू, तिच्यासाठी फुगा. आठ वर्षांच्या मुलीला फुगा! तिने तो दाराच्या कडीला बांधून ठेवला, नेला नाही. जाताना खोलीत जाऊन खाटेवर हात फिरवून आली आणि मला म्हणाली, "गोंडा धुवायचा नाही, रंग जातो." मी बरं म्हटलं. ती गेल्यावर मी स्वयंपाकीणबाईंवर उगाच ओरडले. त्यांनी मला चहा दिला.

तुमच्या आईच्या अंथरुणाबद्दल. हे मी लिहू की नको, दोन दिवस विचार केला. तुमचा भाऊ म्हणतो लिहू नकोस. पण तुम्ही त्या अंथरुणाच्या जिवावर माझ्या खाटा काढायला निघालात, तेव्हा लिहिणारच. ते पाहुण्यांसाठी नव्हतं वन्सं. ते तुमच्या आत्यांसाठी होतं.

आठवा जरा. आत्या यायच्या त्या कधी कळवून आल्या होत्या का? पिशवी एकच, आणि डोळा सुजलेला. तुम्हा मुलींना सांगायचे, आत्याचे डोळे आलेत, औषधाला आलीय, जवळ जाऊ नका. सासूबाई मला शेवटच्या आजारपणात म्हणाल्या, "तिचे डोळे बारा महिने यायचे. सासरी ती जमेल तेवढं सहन करायची, कारण तिला माहीत होतं की इथे तिचं घातलेलं आहे. ते मी गुंडाळून ठेवलं असतं तर ती आली नसती. लाजली असती, कोणाला उठवायचं म्हणून." मी हे काम धरलं तेव्हा पहिल्या दिवशी दोन खाटा जास्तीच्या घातल्या त्या त्यांच्याच सांगण्यावरून.

तुम्ही तिघी दाटीवाटीने झोपलात हे खरं आहे. त्याचं मला वाईट वाटतं. पण ते वाया गेलं असं म्हणू नका.

तुमची,
भावजय


४ मार्च

भावजयबाई,

आत्याचं तू मला पत्रात लिहायला नको होतंस. समोर बसून सांगायचं होतं. मी ते कचेरीत उघडलं, समोर दोन ठेकेदार बसलेले. मला त्यांना सांगावं लागलं की डोळ्यात काहीतरी गेलं.

पण घरातल्या गोष्टी घरात. समितीत मी आत्याची भाची म्हणून बसत नाही. काल ठराव झाला. एका महिन्यावर वापरात नसलेलं सर्व सामान, मग ती शाळेतली बाकं असोत, दवाखान्यातले पंखे असोत की तुझ्या खाटा, काढून दुसरीकडे द्यायचं ठरलं. सगळ्यांना एकच नियम. मी बाजूने मत दिलं. यापुढे बालगृहात जितक्या खाटा तितकीच मुलं घ्यायची. जास्तीचं मूल आलं तर बालविभाग त्याला दुसऱ्या गावच्या बालगृहात पाठवेल, तिथे जागा आहे. मी चौकशी केली, वाईट नाही ते.

माझ्यावर रागावलीस तरी जेवत जा वेळेवर.

वन्सं


१६ मार्च

वन्सं,

काल पालिकेची गाडी येऊन दोन खाटा घेऊन गेली; एका जास्तीच्या खाटेवर नवं मूल आलंय, म्हणून वकिलीणबाईची रिकामी खाट त्यात गेली. नेणाऱ्या माणसांना कुठे नेता म्हणून विचारलं तर म्हणाले, वरून सांगितलंय. वर म्हणजे कोण, तर त्यांना माहीत नाही. तुमच्याकडे सगळं वरूनच येतं, पाऊस आल्यासारखं, आणि वर कोणीच नसतं.

जेवताना सर्वांत धाकट्याने विचारलं, "माझी पण नेणार का?" मी नाही म्हटलं. आता तोही माझ्याकडे वकिलीणबाईसारखा बघतोय. त्या जेवणाच्या वेळेपासून तो खाटेवरून खालीच उतरत नाही. वापरात आहे असं दिसावं म्हणून. हे त्याला कोणी सांगितलं देव जाणे, पण तुमच्या लेखाधिकाऱ्यांना आवडेल.

दुसऱ्या गावचं बालगृह वाईट नसेल. पण तिथून शाळा तुटते, मैत्रिणी तुटतात, भेटायला कोणी येत नाही. ज्या पोराने घर सोडून इथे जीव लावला, त्याला पुन्हा उचलून तिकडे नेऊन ठेवायचं. तुम्ही चौकशी कोणाकडे केलीत? तिथल्या मुलांकडे नसेल केली.

जेवते वेळेवर.

भावजय


२९ मार्च

प्रिय भावजयबाई,

अंदाजपत्रक मंजूर झालं. जीव मेटाकुटीला आला. शेवटच्या सभेत बागेतल्या बाकांचा विषय पुन्हा निघाला. मी म्हटलं, रंगवूच नका, लाकूड दिसू दे. एकमताने मान्य! आता सुताराला विचारलं तर म्हणतो, बाकं लोखंडी आहेत.

तुझं मागचं पत्र वाचलं, तेही अर्धंच, मन तयार नव्हतं. तुझा राग जायला वेळ लागेल, लागू दे. मी भांडायला लिहीत नाहीये. पाठ इतकी धरली होती की सभेत वाकून बसत होते. शेवटी सदस्यांच्या विश्रांतीकक्षात जाऊन आडवी झाले. तिथे हल्लीच दोन खाटा आल्यात. आधी नुसत्या खुर्च्या होत्या. लेखाधिकारी म्हणाला, खरेदी न करता झालं बघा, आपल्याच जुन्या सामानातून. मला बरं वाटलं, काटकसर म्हणजे हीच. दुपारची अर्धी घटका तिथे पडलं की माणूस परत माणसात येतो. खाट जरा आखूड आहे, पाय बाहेर जातात, आणि एका पायाला कसलासा लोकरीचा गुंता बांधलाय तो पैंजणात अडकतो. शिपायाला म्हटलंय, कापून टाक एकदा.

वकिलीणबाईचं काय? काकाकडे रुळली ना?

तुझी,
वन्सं


२ एप्रिल, सकाळी

वन्सं,

हे पत्र तुमचा भाऊ हातोहात आणतोय, गुडघा दुखत असूनही. पूर्ण वाचा. निदान या वेळी.

वकिलीणबाई काल संध्याकाळी आली. काकाच्या शेजारी राहणाऱ्या शिंपीणबाईंनी आणून सोडलं. तीन दिवस ती खोलीत कोंडलेली होती, बाहेरून कुलूप. शिंपीणबाई खिडकीतून पाणी देत होत्या, शेवटी त्यांनीच लोहार आणून कुलूप तोडलं. पोरगी दारातून आत आली ती थेट खोलीत गेली. भिंतीशी तिच्या खाटेची जागा मोकळी. ती तिथे उभीच राहिली वन्सं. रडली नाही. मला म्हणाली, "म्हणूनच लिहून मागितलं होतं."

मी तिला माझ्या अंथरुणात घेतलं. पण नियम तुमचाच आहे. मी कळवल्यावर आज सकाळी विभागाची बाई आली आणि दुसऱ्या गावी पाठवायचं म्हणून तिला घेऊन गेली. त्यांची गाडी दुपारी तुमच्या कचेरीतून सुटते. तोवर ती तुमच्याच इमारतीत बसलेली आहे, तुमच्या जिन्यावर नाहीतर बाकावर. मी निघते म्हटलं तर इथे बाकीची मुलं टाकून येता येत नाही. माझ्या हातात काही नाही. तुमच्या आहे.

आणि तो गुंता कापू नका. तो कुठल्या रंगाचा आहे ते आधी बघा. जांभळा असेल तर ती खाट कोणाची ते मी तुम्हाला पहिल्याच पत्रात सांगितलंय.

भावजय


२ एप्रिल, संध्याकाळी

बये,

तुझं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तरी ते मी उभ्याउभ्या पूर्ण वाचलं, आणि मग जुनी पत्रं काढून त्यांचेही राहिलेले अर्धे भाग वाचले. आता गप्प बसून ऐक.

सभेच्या मधल्या सुट्टीत मी पाठ टेकायला म्हणून विश्रांतीकक्षात गेले. खाटेवर एक पोरगी बसलेली. मांडीवर पिशवी, पायात चपला, पाय वर. दारात विभागाची बाई आणि शिपाई, दोघेही घामाघूम. बाई म्हणाली, "पाणी प्यायला आत आली आणि आता उठतच नाही." मी म्हटलं, "बाळ, ही मोठ्या माणसांची खोली आहे."

"ही माझी खाट आहे," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

तिने पाय बाजूला केला आणि गोंडा दाखवला. जांभळाच. शिपाई आळशी निघाला हे माझं नशीब, त्याने अजून कापला नव्हता. "हा माझा. तुमचा कुठाय?" असं तिने मला विचारलं.

एवढ्यात बाकांवाले दोन्ही सदस्य, लेखाधिकारी आणि अजून दोघेतिघे दारात जमले. तिने सगळ्यांकडे बघितलं. मग मला जवळ बोलवलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्ही इथे झोपता?" मी म्हटलं, "कधीकधी, दुपारी." ती म्हणाली, "तुम्हाला पण घरी कोंडतात का?"

ती चेष्टा करत नव्हती गं. तिला खरंच वाटलं की ज्याला घर धड नाही त्यालाच अशी खाट देतात. ती थोडी सरकली आणि तिने मला बसायला जागा करून दिली. मी बसले. समिती दारात उभी, मी आखूड खाटेवर तिच्या शेजारी, आणि मला आत्या दिसल्या. एक पिशवी घेतलेल्या. त्यांना आम्ही तिघींनी कधी जवळ जाऊन काही विचारलंच नाही, डोळे येतील म्हणून. मी रडले. यावेळी डोळ्यात काही गेलं असं मी कोणालाही सांगितलं नाही. टिपणात लिहिलं असेल तर लिहू दे.

लेखाधिकारी म्हणाला, "बाई, नियमात बसत नाही." मी म्हटलं, "बसत नाही तर उभा करा." त्याला ते कळलं नाही. मग मी नियम शोधायला लावला त्यालाच, आणि शाबास त्याची, सापडला. तातडीच्या वेळी अध्यक्षांना सामान परत पाठवता येतं, सभेला नंतर कळवायचं; आणि खाट असली की ठरावाप्रमाणे मूलही तिथेच राहतं. पुढच्या सभेत माझी चामडी सोलतील. सोलू देत, जाड आहे, तुझ्या वकिलीणीने आधीच सांगितलंय. दुसऱ्या खाटेसाठी आणि त्या ठरावासाठी मला सभेत भांडावं लागेल. मतं माझ्याकडे आज नाहीत. जिंकेनच असं सांगत नाही, पण पेन पुष्कळ आपटेन.

खाट पालिकेच्या गाडीत चढवली. पोरगी मागे खाटेपाशीच बसणार म्हणून हटून बसली, तेव्हा तुझ्या नवऱ्याला गुडघ्यासकट तिच्याबरोबर चढवलं. हे पत्र पोचेपर्यंत ते तुझ्या दारात आले असतील. गादी उद्या उन्हात टाक, तिला माझ्या बामाचा वास येतोय.

गाडी सुटताना तिने मला हाक मारली. "परत न्यायला येणार नाही ना?" मी नाही म्हटलं. ती बघतच राहिली. तो बघण्याचा प्रकार मला आता कळला. मी ड्रायव्हरला थांबवलं आणि शिपायाकडून कागद मागवला. बॉनेटवर ठेवून लिहिलं की जांभळ्या गोंड्याची खाट या मुलीची आहे, ती असो वा नसो, ही खाट तिथून हलवायची नाही. खाली सही केली. तिने वाचलं आणि विचारलं, "शिक्का?" मी धापा टाकत दोन जिने चढून शिक्का आणला.

तो कागद तिच्या पिशवीत आहे. मागू नकोस, ती देणार नाही.

तुझी,
वन्सं